गाणी विकत घेताना आवाज कसा पारखायचा

आमच्या भजनी मंडळाची साउंड सिस्टीम गेली कित्येक वर्षं मी सांभाळतो. एका एकादशीला मंडळी जमेपर्यंत काहीतरी लावावं म्हणून मोबाईलमधला एक अभंग मी मिक्सरला जोडला. तोच अभंग मी रोज सकाळी इअरफोनवर ऐकायचो, मला तो तोंडपाठ होता. पण दोन मोठ्या स्पीकरमधून तो बाहेर पडला आणि मला ओळखूच येईना. गायकाचा आवाज बरा होता, पण टाळ गायब. टाळांच्या जागी वाळू चाळल्यासारखी सळसळ, आणि पखवाजाच्या प्रत्येक थापेच्या आधी हवेचा बारीक फुसकारा. आमचे पखवाजवाले बुवा पुढच्या रांगेतून उठून आले आणि म्हणाले, "अरे, यातले टाळ कुठं गेले?"

घरी येऊन फाईल तपासली. आमच्या सोलापूरच्या नव्या पेठेत मेमरी कार्ड भरून मिळायचं ना, त्या काळातली ती फाईल. ४ जीबीच्या कार्डात आठशे गाणी बसायची आणि आपण खूश व्हायचो. पण एवढ्याशा जागेत आठशे गाणी बसवायची तर प्रत्येकातलं काहीतरी काढून टाकावंच लागतं. आमच्या अभंगातले टाळ असे गेले होते, आणि मी वर्षानुवर्षं तो तसाच ऐकत होतो.

तेव्हापासून मी गाणी विकत घेऊन, नीट बघून जमवतो. आता ओळखीतले लोक विचारायला येतात. कुणाला गाडीसाठी पेन ड्राइव्ह भरायचा असतो, कुणाला आईसाठी जुनी नाट्यगीतं हवी असतात, कुणाला मुलीच्या नृत्याच्या कार्यक्रमाला हुतात्मा स्मृती मंदिरात वाजवायला चांगली फाईल हवी असते. प्रत्येकाचा पहिला प्रश्न "कुठनं डाऊनलोड करू?" हाच असतो. आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: जे मिळणार आहे त्यात आवाज किती शिल्लक आहे? एकदा गेलेला आवाज कुठल्याही ॲम्प्लिफायरनं, कुठल्याही महागड्या हेडफोननं परत येत नाही. म्हणून पारख पैसे भरण्याआधी करायची.

पायरी १: फाईलमध्ये काय असतं ते समजून घ्या

इथं जरा वेळ द्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

सीडी १९८२ साली बाजारात आली. तिच्यात आवाजाची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजणी होते, प्रत्येक मोजणी १६ बिटांत (बिट म्हणजे एक ० किंवा १) लिहिली जाते, आणि हे डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंसाठी. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट होतात. यालाच बिटरेट म्हणतात आणि तो केबीपीएसमध्ये लिहितात. ४४,१०० हा आकडा उगाच नाही घेतलेला. माणसाच्या कानाला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंतचा, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांचा, आवाज ऐकू येतो (वय वाढतं तसं वरचं कमी होत जातं) आणि एखादा आवाज नीट टिपायचा तर त्याच्या दुपटीहून जास्त वेगानं मोजणी करावी लागते.

या हिशेबानं ५ मिनिटांचं गाणं ५३ एमबीच्या आसपास जातं. नव्वदच्या दशकातल्या टेलिफोनच्या तारेवरून एवढी फाईल यायला काही तास लागले असते. म्हणून आवाज लहान करायच्या युक्त्या निघाल्या. त्यात सगळ्यात गाजली ती एमपीथ्री. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या संशोधकांचा तिच्यात मोठा वाटा होता, आणि फाईलच्या नावामागची 'डॉट एमपीथ्री' ही खूण १९९५ साली ठरली.

एमपीथ्री काय करते ते सोलापूरकराला समजावणं सोपं आहे. पूर्व भागातल्या एखाद्या यंत्रमागाच्या शेडमध्ये जाऊन उभे राहा. सगळे माग चालू असताना तुमच्या मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येईल का? शेजारचा माणूस ओरडून बोलला तरी ओठांकडे बघावं लागतं. मोठ्या आवाजाखाली लहान आवाज झाकला जातो. एमपीथ्री बनवणारं सॉफ्टवेअर क्षणाक्षणाला हाच अंदाज घेतं की या क्षणी कुठला आवाज कशाखाली झाकला गेलाय, आणि झाकलेलं ते काढून टाकतं. अंदाज बरोबर असेल आणि जागा पुरेशी दिली असेल तर कानाला काहीच कळत नाही. जागा फार कमी दिली तर मात्र ऐकू येणारंही काढावं लागतं.

आता चादरीचं उदाहरण घ्या. तुम्हाला एक चादर पुण्याला पाठवायची आहे आणि पार्सल लहान करायचंय. एक मार्ग म्हणजे घट्ट घडी घालायची, दाबून बांधायची. पुण्यात उलगडली की धागा न धागा जागेवर. दुसरा मार्ग म्हणजे मधूनमधून धागे ओढून काढायचे. चादर हलकी होते, लांबून तशीच दिसते, पण उजेडात धरली की कळतं. घडी घालण्याला लॉसलेस म्हणतात. फ्लॅक (२००१ पासूनची) आणि ॲपलची अलॅक (२००४ पासूनची) या घडी घातलेल्या फाईली. डब्ल्यूएव्ही ही घडीही न घातलेली, उलगडलेली चादर. एमपीथ्री, एएसी, ऑग व्हॉर्बिस या धागे काढलेल्या. धागे काढलेली सगळीच वाईट असं नाही. किती काढले आणि कुठले काढले, यावर ते ठरतं.

५ मिनिटांच्या गाण्याचा हिशेब डोक्यात ठेवा. १२८ केबीपीएसची एमपीथ्री साधारण ४.८ एमबी होते. ३२० केबीपीएसची १२ एमबी. सीडीच्या दर्जाची फ्लॅक गाण्यानुसार २५ ते ३५ एमबी. फाईलचा आकार बघूनच निम्मी पारख होते. कुणी ५ मिनिटांचं गाणं 'हाय क्वालिटी' म्हणून देतंय आणि फाईल ५ एमबीची आहे, तर तिथं थांबा.

कमी बिटरेटला आधी मार खातात ते टाळ, झांजा, चिपळ्या, प्रेक्षकांच्या टाळ्या आणि तानपुरा. टाळाचा आवाज खालपासून पार वरपर्यंत पसरलेला असतो, त्यात झाकलेलं असं फारसं काही नसतंच, म्हणून काढायला गेलं की आवाजच फाटतो. पखवाजाआधीचा फुसकारा का येतो? एमपीथ्री आवाजाचे छोटे छोटे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचा एकत्र हिशेब करते. तुकड्याच्या मध्येच थाप पडली तर हिशेबातली चूक अख्ख्या तुकड्यावर पसरते, म्हणजे थापेच्या आधीच्या शांततेतही ती ऐकू येते. एकटा गायकाचा आवाज मात्र १२८ लाही बऱ्यापैकी निभावतो. म्हणून तर इअरफोनवर मला कळलं नव्हतं. माझं सगळं लक्ष शब्दांकडे असायचं.

नावांबद्दल एवढं पुरे: त्याच बिटरेटला एएसी आणि ऑग व्हॉर्बिस एमपीथ्रीपेक्षा चांगलं काम करतात. २५६ ची एएसी आणि ३२० ची एमपीथ्री यांत मी डावं-उजवं करत नाही.

पायरी २: कुठं ऐकणार आहात ते ठरवा

हे लवकर उरकतं. विजापूर रोडनं गाडी चालली आहे, खिडकी उघडी आहे, तर ३२० ची एमपीथ्री भरपूर झाली. बऱ्याच गाड्यांच्या स्टीरिओला फ्लॅक वाजवताच येत नाही, तेव्हा आधी माहितीपुस्तिका बघा. घरात शांत खोलीत, बऱ्या स्पीकरवर किंवा वायरच्या हेडफोनवर शास्त्रीय संगीत ऐकत असाल, किंवा सभागृहात मोठ्या सिस्टीमवर वाजवायचं असेल, तर लॉसलेसच घ्या.

ब्लूटूथवाल्यांनी एक लक्षात ठेवायचं. फोनमधून हेडफोनकडे जाताना आवाज पुन्हा एकदा लहान केला जातो. साधी एसबीसी पद्धत साधारण ३२८ केबीपीएसपर्यंतच नेते. सोनीची एलडॅक ९९० पर्यंत जाते, पण ती फोन आणि हेडफोन दोन्हीत असावी लागते. अँड्रॉइडमध्ये २०१७ पासून तिची सोय आहे, आयफोनमध्ये नाही. म्हणजे ब्लूटूथवर फ्लॅक लावली तरी कानापर्यंत ती फ्लॅक म्हणून पोचतेच असं नाही. तरीही मी फ्लॅकच विकत घ्यायला सांगतो, आणि त्याचं कारण पुढं येतं.

पायरी ३: विकत देतात की वापरायला देतात, ते वाचा

'डाऊनलोड' या एका शब्दाखाली दोन निरनिराळे व्यवहार चालतात, आणि नवीन माणूस इथंच फसतो.

पहिल्यात महिन्याचे पैसे भरून ॲप वापरता, आणि ॲपमध्ये खाली बाण असलेली खूण दाबली की गाणं 'डाऊनलोड' होतं. स्पॉटिफाय (भारतात २०१९ पासून), ॲपल म्युझिक, जिओसावन यांचं सगळं असं चालतं. ही फाईल ॲपच्या कुलपात असते. पेन ड्राइव्हवर जात नाही, मिक्सरला जोडलेल्या दुसऱ्या लॅपटॉपवर जात नाही. स्पॉटिफायला तर ३० दिवसांतून एकदा इंटरनेटला जोडून हजेरी द्यावी लागते. पैसे भरणं थांबलं की गाणं थांबलं. ऐकायला हे उत्तम आहे, मीही वापरतो. ॲपल म्युझिकनं २०२१ च्या जूनपासून वेगळे पैसे न घेता लॉसलेस द्यायला सुरुवात केली, ही तर मोठीच गोष्ट झाली. पण ती मालकी नाही.

आणि या ॲपांमध्ये दर्जा तुम्हाला स्वतः जाऊन ठरवावा लागतो. सेटिंगमध्ये ऐकण्याचा दर्जा वेगळा आणि डाऊनलोडचा दर्जा वेगळा असतो. पहिला वर नेऊन दुसरा तसाच खाली राहिलेले कित्येक फोन मी पाहिलेत. मालक बिचारा पूर्ण पैसे भरतोय आणि कमी दर्जाचं ऐकतोय. सेटिंग बदलल्यावर आधी उतरवलेली गाणी पुसून पुन्हा उतरवलेली बरी.

दुसऱ्या व्यवहारात गाणं किंवा अल्बम एकदाच पैसे देऊन घ्यायचा, फाईल तुमच्या हातात येते, आणि ती कुठंही, कितीही वर्षं वाजते. आपल्याकडे फ्लिपकार्टनं २०१२ साली फ्लाइट नावानं असं दुकान काढलं होतं. २०१३ मध्ये ते बंद झालं. पण ज्यांनी तिथनं घेतलेल्या एमपीथ्री जपून ठेवल्या, त्यांच्या त्या आजही वाजतात. उलट एअरटेलचं विंक हे ॲप २०२४ मध्ये बंद झालं, आणि ॲपच गेल्यावर ॲपच्या कुलपातली गाणी कुठं वाजवणार? जे गाणं आयुष्यभर हवंय ते विकत घ्या, बाकीचं ॲपवर ऐका. मी असंच करतो.

विकत देणाऱ्यांमध्ये नवख्या माणसाला मी आधी बँडकॅम्प दाखवतो. २००८ पासूनची ही अमेरिकेतली सेवा आहे. कलाकार तिथं लॉसलेस फाईलच चढवतो, आणि तुम्ही एकदा पैसे दिले की तोच अल्बम एमपीथ्री, एएसी, फ्लॅक, अलॅक, डब्ल्यूएव्ही यांपैकी हव्या त्या रूपात उतरवता येतो, पुन्हा पुन्हा. फायलींच्या विक्रीतला १५ टक्के हिस्सा ती सेवा ठेवते, पैसे देण्याघेण्याचा खर्च जाऊन बाकीचं कलाकाराकडे जातं. जुनी सिनेमाची गाणी तिथं शोधू नका, ती मिळणार नाहीत. पण आजचे वादक, स्वतंत्र गायक, आपल्याकडचे प्रयोगशील तरुण तिथं भेटतात. शास्त्रीय संगीतासाठी कलाकारांनीच उभ्या केलेल्या संस्थांकडे बघा. गायिका शुभा मुद्गल आणि तबलावादक अनीश प्रधान यांनी २००३ साली सुरू केलेलं अंडरस्कोर रेकॉर्ड्स हे त्यातलं एक नाव. ॲपलचं आयट्यून्स स्टोअर भारतात २०१२ च्या डिसेंबरात आलं. तिथली गाणी २५६ केबीपीएस एएसीमध्ये असतात आणि विकत घेतलेल्या गाण्याला कुलूप नसतं. सुरुवातीला अमेरिकेत हेच दुकान १२८ ची कुलूपबंद गाणी विकायचं. २००९ पर्यंत लोकांच्या मागणीपुढं ते बदललं. गिऱ्हाईकानं दर्जा मागितला तर मिळतो, हे तिथं दिसलं.

कुठल्याही दुकानाच्या पानावर तीन गोष्टी शोधा: फाईलचा प्रकार, बिटरेट किंवा '१६ बिट / ४४.१' (म्हणजे सेकंदाला ४४.१ हजार मोजण्या) असा आकडा, आणि पुन्हा उतरवून घ्यायची सोय. 'एचडी', 'क्रिस्टल क्लिअर', 'स्टुडिओ क्वालिटी' हे शब्द आकड्याशिवाय आले तर त्यांना किंमत देऊ नका. आकडा लिहिलेला नसेल तर ईमेल करून विचारा. ज्याच्याकडे चांगला माल आहे तो उत्तर देतो.

परदेशी सेवेवर कार्ड चाललं नाही तर घाबरू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नव्या कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी बंदच असतात. बँकेच्या ॲपमध्ये तो चालू करा, मर्यादा लहान ठेवा, खरेदी झाली की पुन्हा बंद करा.

यूट्यूबवरून आवाज काढून देणारी जी संकेतस्थळं '३२० केबीपीएस' असं लिहितात, त्यांच्या नादी लागू नका. यूट्यूबवर आवाजच मुळात त्याहून पुष्कळ कमी बिटरेटनं ठेवलेला असतो. त्याची ३२० ची फाईल करणं म्हणजे विरळ झालेल्या चादरीचं मोठं पार्सल बांधणं. वजन वाढतं, धागे वाढत नाहीत. आणि गाणाऱ्याला त्यातनं काहीच मिळत नाही.

पायरी ४: ध्वनिमुद्रण कुठलं आहे ते बघा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी ही, आणि याबद्दल कुणी बोलत नाही. लोक बिटरेटवर भांडतात आणि भलतंच ध्वनिमुद्रण विकत घेऊन येतात. फ्लॅक असली तरी मूळ मुद्रणच खराब असेल तर तुम्हाला खराब आवाज अगदी तंतोतंत मिळेल.

जुन्या गाण्यांमध्ये 'झंकार' लिहिलेलं असेल तर सोडून द्या. कॅसेटच्या जमान्यात जुन्या गाण्यांवर वरून ताल आणि घुमारा चढवून विकायची पद्धत होती, आणि त्याच प्रती आज डिजिटल दुकानांत मूळ गाण्यांच्या शेजारी बसल्यात. दुसरा धोका म्हणजे वेगळ्या गायकानं गायलेली आवृत्ती. चित्र मूळ सिनेमाचं, नाव मूळ गाण्याचं, आवाज भलत्याचाच. गायकाचं नाव, कंपनीचं नाव, वर्ष आणि गाण्याची लांबी जुळवून बघा. लांबीत १०-१५ सेकंदांचा फरक दिसला तर आधी नमुना ऐका.

अभंगांचं तर जास्तच जपून. एकच अभंग वीस जणांनी गायलेला असतो. आमच्या सोलापुरात घराघरांत भाषा बदलते. एका घरात अभंग, शेजारी तेलुगू भक्तिगीतं, पलीकडे कन्नड वचनं. माझ्या एका तेलुगू शेजाऱ्यांना त्यांच्या वडिलांच्या आवडीचं भक्तिगीत रोमन लिपीत शोधून मिळेना. तेलुगू लिपीत नाव टाकलं आणि मूळ गायकाचा अल्बम पहिल्या फटक्यात वर आला. तेव्हा गाणं ज्या भाषेत आहे त्या लिपीतही शोधा.

मग येतं 'रीमास्टर'. याचा अर्थ मूळ फितीवरून नव्यानं तयार केलेली प्रत. चांगल्या हाताखाली गेली तर जुनं गाणं उजळून निघतं. पण दोन रोग फार आहेत. एक म्हणजे सगळंच मोठ्या आवाजात आणून ठेवणं. आलापीतली कुजबुज आणि तानेचा जोर एकाच पातळीवर आला तर गाण्याचा श्वासच कोंडतो. दुसरा, खरखर घालवायच्या नादात तानपुराच पुसून टाकणं. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची झणझण, आणि फितीचा सूंऽऽ आवाज यांत यंत्राला नेहमीच फरक कळत नाही. मी जुन्या ख्यालाचा नमुना ऐकताना गायकाकडे लक्षच देत नाही. दोन ओळींच्या मधल्या जागेत तानपुरा भरलेला आहे की भोक पडल्यासारखी शांतता आहे, एवढंच ऐकतो. भोक असेल तर थोडी खरखर असलेली दुसरी प्रत शोधतो.

बालगंधर्वांच्या किंवा अब्दुल करीम खाँसाहेबांच्या काळातल्या तबकड्या ७८ फेऱ्यांच्या, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची. त्या तबकड्यांत वरच्या पट्टीतला आवाज मुळातच फार थोडा. कुणी अशा तबकडीची '२४ बिट / १९२' ची फाईल जास्त पैसे घेऊन विकत असेल तर घेऊ नका. १६ बिट / ४४.१ ची फ्लॅक तिच्यातलं सगळं गाणं सांभाळून ठेवते. नव्या मुद्रणांच्या बाबतीतही ऐकण्यासाठी मला यापेक्षा वरच्या आकड्यांची गरज कधी वाटली नाही. १६ बिटांत सगळ्यात बारीक आणि सगळ्यात मोठ्या आवाजामध्ये ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो, आणि माझ्या घरात रात्री दोन वाजतासुद्धा एवढी शांतता नसते. स्टुडिओत काम करताना २४ बिट लागतात, ते वेगळं.

आणखी एक बारकावा. ख्यालाचा विलंबित (संथ) आणि द्रुत (जलद) भाग दोन वेगळ्या फाईलींत तोडलेलं असेल तर जोडावर आवाज क्षणभर तुटतो का ते बघा. एमपीथ्रीत फाईलच्या टोकांना रिकामी जागा शिल्लक राहते, आणि काही प्लेअर ती गाळत नाहीत. फ्लॅकमध्ये ही कटकट नाही.

पायरी ५: एकच गाणं घ्या आणि तपासा

अख्खा अल्बम पहिल्या दिवशी घेऊ नका. एक गाणं घ्या, आणि ते तुम्हाला आतून-बाहेरून माहीत असलेलं असू द्या.

वायरचा हेडफोन लावा. आवाज फार मोठा नको. क्रमानं ऐका: टाळ किंवा झांज वाजल्यावर तिचा आवाज हळूहळू विरत जातो की मध्येच कापला जातो? 'स' आणि 'श' अक्षरं कानाला ओरखडतात का? गाण्याच्या शेवटी टाळ्या असतील तर त्या हातांच्या वाटतात की तेलात काही टाकल्यासारख्या? हार्मोनियमचा लांब सूर स्थिर राहतो की पाण्याखालून आल्यासारखा हेलकावतो?

दोन फाईलींची तुलना करायची असेल तर स्वतःच्या हातानं लावू नका. कुठली महाग आहे हे माहीत असलं की कान तिकडे झुकतात, कुणाचेही झुकतात. घरातल्या कुणाला तरी आपल्यामागं बसवा, दहा वेळा उलटसुलट लावायला सांगा, आणि कागदावर लिहा. दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या, कारण जी किंचित मोठी वाजते तीच चांगली वाटते. संगणकावर फूबार २००० या प्लेअरमध्ये याच कामासाठी वेगळी जोडणी (प्लगइन) मिळते. मी हा प्रयोग आमच्या पखवाजवाल्या बुवांवर केला. १२८ ची फाईल त्यांनी दहाच्या दहा वेळा ओळखली. ३२० आणि फ्लॅकमध्ये मात्र त्यांना आणि मलाही ठाम सांगता आलं नाही. म्हणून ३२० ऐकणाऱ्याला कुणी कमी लेखू नये.

मग फ्लॅक का घ्यायची? कारण तीच मूळ प्रत आहे. तिच्यातनं आज गाडीसाठी एमपीथ्री काढता येते, उद्या एखादी नवी पद्धत आली तर तीही काढता येते. एमपीथ्रीतनं पुन्हा एमपीथ्री काढली की दर खेपेला आणखी धागे जातात. आमच्या एकादशीच्या अभंगाचं तेच झालं होतं, तो दोन-तीन हातांतनं लहान होत आला होता.

कानाबरोबर डोळ्यानंही तपासा. स्पेक नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर संगणकावर घ्या आणि फाईल त्यात ओढून टाका. आवाजाचं रंगीत चित्र उमटतं, उभ्या रेषेवर हर्ट्झ असतात. सीडीच्या दर्जाच्या नव्या मुद्रणात रंग २०,००० च्या वर, जवळजवळ २२,००० पर्यंत जातो. ३२० ची एमपीथ्री साधारण २०,००० ला तुटते, १२८ ची १६,००० ला. तुटण्याची रेघ सुरीनं कापल्यासारखी सरळ असेल तर समजा कापणारं सॉफ्टवेअर होतं. जुन्या फितीवरचं गाणं असेल तर रंग हळूहळू विरत जातो. ते खोटेपण नव्हे, त्या काळाच्या मुद्रणाची ती मर्यादा.

मला याचा उपयोग झाला. एका संकेतस्थळावरून 'एचडी' म्हणून भक्तिगीतांचा अल्बम घेतला होता. फाईली फ्लॅक, आकार भरभक्कम. पण टाळ ऐकले आणि पोटात कालवलं. स्पेकमध्ये टाकलं तर सगळ्या गाण्यांत १६,००० ला सरळ रेघ. कुणीतरी १२८ ची एमपीथ्री फ्लॅकच्या पिशवीत भरली होती. मी त्या चित्राचा स्क्रीनशॉट, बिल क्रमांक आणि गाण्यांची यादी जोडून ईमेल लिहिली, "आपण लॉसलेस म्हणून दिलेल्या फाईली मूळ लॉसलेस नाहीत, पैसे परत करावेत," एवढंच. दोन आठवडे लागले, पण पैसे आले. तक्रार करताना "आवाज बरा नाही" असं लिहू नका, त्यावर वाद होतो. चित्रावर वाद होत नाही.

पायरी ६: जपून ठेवा

फ्लॅकच्या मूळ फाईली एका हार्ड डिस्कवर, त्यांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, आणि जमलं तर ती दुसरी प्रत दुसऱ्या घरात ठेवा. १००० गाणी धरली तरी ३० जीबीच्या आसपास होतात, आजच्या हिशेबानं काहीच नाही. फोन आणि गाडीसाठी त्यातनं ३२० च्या प्रती काढा आणि त्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे मूळ आणि काढलेली यांची सरमिसळ होत नाही. फाईलच्या नावात गायक, कंपनी आणि वर्ष लिहा. मे महिन्यात पेन ड्राइव्ह किंवा डिस्क बंद गाडीत डॅशबोर्डवर ठेवू नका. बाहेर ४३ अंश असताना आत काय होत असेल याचा विचार करा.

आमच्या मंडळासाठी तो अभंग मी पुन्हा घेतला, त्याच गायकाचा, त्याच मुद्रणाचा, लॉसलेस. पुढच्या एकादशीला तोच मिक्सर, तेच दोन स्पीकर. पहिल्या ओळीनंतर टाळ सुरू झाले, आणि पुढच्या रांगेत बुवांचा हात आपोआप मांडीवर ठेका धरू लागला.